दोन भाषांतलं काउन्सेलिंग : व्यसन आणि मनाची दुखणी

दोनतीरी :

मागच्या व्यसनाच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की काउन्सेलर आपल्या भाषेत बोलणारा असला नसला त्याने असा काय फरक पडतो, उपचार ते उपचारच ना. तिथे उत्तर द्यायला बसले तर फारच लांबायला लागलं म्हणून हा वेगळा धागा. मी व्यसन आणि त्याच्यासोबत येणारं डिप्रेशन, अँक्झायटी यावर काम करते आणि सेशन मराठी-इंग्रजी दोन्हीत घेते, बऱ्याचदा एकाच तासात दोन्ही. खाली जी उदाहरणं येतील ती दोनतीन जणांचे तपशील मिसळून केलेली आहेत, त्यामुळे कोणाला आपला शेजारी ओळखू येतोय असं वाटलं तर तो तुमचा शेजारी नाही.

पहिल्या भेटीत मी "तुमची भाषा कोणती" असं विचारत नाही. ते फॉर्मवर लिहिलेलं असतंच आणि त्यातून काही कळत नाही. मी विचारते, भांडता कोणत्या भाषेत? मनातल्या मनात हिशोब कोणत्या भाषेत करता? झोप लागत नसताना डोक्यात जी बडबड चालू असते ती कोणत्या भाषेत असते? आणि पिणाऱ्यांना हमखास, की ज्यांच्यासोबत बसता त्यांच्याशी काय बोलता. इथे बरेच जण थबकतात. पिण्याची भाषा एक आणि लपवायची दुसरी, हे तोवर लक्षातच आलेलं नसतं.

एक गृहस्थ होते, दिवसभर काम इंग्रजीत, घरी मराठी. इंग्रजीत त्यांचं पिणं एकदम व्यवस्थित, अप्रेझलचा फॉर्म भरल्यासारखं : आय ड्रिंक टू अनवाइंड, मेबी अ लिटल टू मच. अर्धा तास हे ऐकल्यावर मी सहज मराठीत विचारलं, काल रात्री घरात कोण कोण जागं होतं? उत्तर मराठीतच आलं. मुलगी जागी होती. पाणी प्यायला उठली, बाबा बाथरूमच्या दारात बसलेले दिसले, तिने दिवा लावला नाही, तशीच परत गेली. एवढं बोलून ते थांबले आणि पुढचं वाक्य पुन्हा इंग्रजीत, एनीवे, किड्स फर्गेट. मी तिथे त्यांना धरलं नाही. वहीत नुसती खूण केली की भाषा कुठे बदलली. पुढे कधीतरी त्या खुणेवर परत जाता येतं, आणि माझं निम्मं काम या खुणांचंच आहे.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. २००३ मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या आणि मोठेपणी इंग्रजी शिकलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला होता, बोटांना सेन्सर लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजली (भावना उचंबळल्या की घाम येतो त्याने ती वाढते). लहानपणी ओरडा खाताना ऐकलेली वाक्यं, लाज नाही वाटत या थाटाची, तुर्कीत ऐकवल्यावर शरीर जेवढं चाळवलं तेवढं इंग्रजीत नाही. त्याआधी २००० साली रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांवरच्या अभ्यासात दिसलं होतं की रशियनमध्ये विचारलं की रशियन बोलण्याच्या काळातल्या आठवणी जास्त वर येतात.

यातून "मग मातृभाषेतच बोला" असा निष्कर्ष काढू नका हं. उलटंही होतं आणि तेही तितकंच महत्त्वाचं. लहानपणी घरात अत्याचार सोसलेली व्यक्ती कित्येकदा पहिल्यांदा तोंड उघडते ती दुसऱ्या भाषेत, कारण तिथे शब्दांना तेवढी धग नसते. तिला मी मराठीत ओढायला जात नाही. भाषा कधी बदलायची ते समोरचा माणूस ठरवतो, मी फक्त दोन्ही दारं उघडी ठेवते.

अजून बरंच आहे, पण आधी प्रतिक्रिया बघते.

मूकवाचक :

वाचतोय. चांगला विषय, पुढील लेखनाला शुभेच्छा.

खडूस :

लेख ठीक आहे पण भाषेचं जरा जास्तच कौतुक चाललंय असं माझं मत. मी स्वतः पीत होतो, भरपूर पीत होतो, आणि सोडली ती एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगांना जाऊन. तिथे ना काउन्सेलर ना सेन्सर. १९३५ पासून लोक खुर्च्या गोल मांडून बसतायत आणि सुटतायत. सुटायचं असतं तो कुठल्याही भाषेत सुटतो आणि ज्याला सुटायचं नाही त्याला संस्कृतात सांगा नाहीतर जपानीत, संध्याकाळी बसायचा तो बसणारच.

दोनतीरी :

खडूस, एएबद्दल तुमच्याशी अजिबात वाद नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यात पूर्ण दारू बंद राखण्याच्या बाबतीत एएशी जोडून देणारे ठरीव कार्यक्रम सीबीटीसारख्या (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) उपचारांपेक्षा सरस ठरले. मी स्वतः लोकांना मीटिंगला पाठवते.

पण एक विचारू का? तुमची मीटिंग कोणत्या भाषेत असायची?

खडूस :

मराठीत. इंग्रजीची पण होती, तिथे दोनचारदा गेलो, नंतर नाही गेलो. कळतंय मला तुम्ही कुठे नेताय ते.

दोनतीरी :

:) "ज्याला सुटायचं नाही" याच्याशी मात्र असहमत. सुटावंसं वाटणं न वाटणं हे माणसात कायमचं बसवलेलं नसतं, ते बोलताबोलता कमीजास्त होतं. खाली कोणी विचारलं तर लिहिते.

अर्धविराम :

मी विचारतो. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात ते हेच का? त्यात नक्की करतात काय, कारण ऐकायला ते चिअर अप करणं वाटतं.

अवांतर : भाषा आणि थेरपीवरून आठवलं, फ्रॉईडचे सहकारी ब्रॉयर यांची ती प्रसिद्ध पेशंट, अ‍ॅना ओ. १८८०-८२ मध्ये उपचार झाले, केस १८९५ मध्ये छापली. आजारपणात ती आपली जर्मन बोलेनाशीच झाली आणि बराच काळ फक्त इंग्रजी बोलायची. 'टॉकिंग क्युअर' हे नाव तिनेच दिलेलं, आणि तेही इंग्रजीत. म्हणजे या धंद्याची सुरुवातच दुसऱ्या भाषेतून झालीय असं म्हणायला हरकत नाही.

दोनतीरी :

अ‍ॅना ओ.चं उदाहरण मस्त!

हो, तेच ते. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये पहिला लेख लिहिला, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत पद्धत नीट बांधली. चिअर अप अजिबात नाही. मूळ निरीक्षण असं की पिणाऱ्याच्या मनात दोन्ही बाजू आधीपासूनच असतात, सोडावी पण आणि सोडू नये पण. तुम्ही "सोडा" ही बाजू घेऊन बोलायला लागलात की त्याच्याकडे दुसरीच बाजू उरते, मग तो ती मांडतो, आणि मांडतामांडता त्याला स्वतःलाच पटायला लागते. घराघरात रोज हेच होतं. बायको सगळी सोडायची कारणं सांगते, नवरा सगळी न सोडायची.

मग मी काय करते, तर शून्य ते दहाचा प्रश्न विचारते. "पिणं कमी करणं तुम्हाला आत्ता किती महत्त्वाचं वाटतं, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे खूप." समजा ते म्हणाले चार. आता बहुतेक लोक विचारतील की फक्त चारच का? तसं विचारलं की तो न सोडायची कारणं द्यायला लागतो. मी विचारते, चार म्हणालात, एक का नाही म्हणालात? आता त्याला सोडायची कारणं स्वतःच्या तोंडाने सांगावी लागतात, "तसं काय, सकाळी हात थरथरतात", "पोरगी बोलत नाही नीट". जे स्वतःच्या तोंडून निघालं त्याला माणूस खोडायला जात नाही.

आणि दोन भाषांचा संबंध इथे फार येतो. सोडायच्या बाजूचं बोलणं एका भाषेत येतं आणि न सोडायच्या बाजूचं दुसऱ्या, असे लोक मी बरेच बघितलेत. मी जेव्हा त्यांचं म्हणणं परत त्यांना ऐकवते तेव्हा ज्या भाषेत त्यांनी सांगितलं त्याच भाषेत ऐकवते, भाषांतर करून नाही. नोट्सपण तशाच. नोट्स इंग्रजीत लिहायची सवय असली तरी त्यांची वाक्यं जशीच्या तशी देवनागरीत, कारण "पेशंट रिपोर्ट्स लो मूड" असं लिहिलं की सहा महिन्यांनी मलाच कळत नाही तो माणूस काय म्हणाला होता.

अजून एक, मराठीत माणसाला हाक कशी मारायची हा प्रश्न इंग्रजीत नसतो. वयाने मोठ्या माणसाला पटकन काका म्हटलं की मी मुलीच्या जागी जाऊन बसते, आणि मुलीला कोणी सांगत नाही की मी सकाळी उठल्या उठल्या पितो. म्हणून मी सरळ आडनाव आणि "तुम्ही" यावर राहते. थोडं कोरडं वाटतं, वाटू दे.

स्टेथो_गळ्यात :

धागा छान चाललाय पण डॉक्टर म्हणून एक गोष्ट मध्येच घुसवतो, कारण असे धागे वाचून लोक उद्यापासून बंद म्हणून ठरवतात आणि मग आमच्याकडे रात्री दोनला येतात.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर काही तासांत हात थरथरणं, घाम, उलटी, बेचैनी सुरू होते, साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोनतीन दिवसांनी काही जणांना डिलिरियम ट्रेमेन्स होतो : माणूस भ्रमात जातो, नसलेलं दिसायला लागतं, ताप येतो, बीपी वाढतं, यात जीव जाऊ शकतो. आधी बंद करताना फिट आली असेल तर पुढच्या वेळी धोका जास्त. हे सगळं टाळता येतं, डॉक्टरांच्या देखरेखीत औषधं देऊन उतरवत न्यायचं आणि थायामिन म्हणजे बी-१ द्यायचंच, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. झोपेच्या-अँक्झायटीच्या बेंझोडायझेपिन गोळ्यांचं पण असंच, त्याही एकदम बंद करायच्या नाहीत.

अफू जातीच्या नशेचं (हेरॉईन, काही पेनकिलर) थोडं वेगळं. त्याचं विथड्रॉवल भयंकर वाटतं पण सहसा जीवघेणं नसतं. जीव जातो तो नंतर, काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस परत जुनाच डोस घेतो.

आणि घरच्यांना हात जोडून विनंती, डायसल्फिराम (हे घेतलं असताना दारू प्यायली की त्रास होतो असं औषध) जेवणात नकळत मिसळून देऊ नका. त्यावर दारू घेतली तर बीपी कोसळू शकतं, हार्टवर ताण येतो. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट हे पर्याय आहेत, तलफ कमी करतात, डॉक्टरांना विचारा.

दोनतीरी :

खूप आभार डॉक्टर, हे वर पिन करता आलं तर बरं होईल. ज्याचे हात थरथरतायत त्याच्यासोबत मी सेशन करतच नाही, आधी तुमच्याकडे.

सांजवात :

मी पहिल्यांदाच लिहितेय या विषयावर, नवीन आयडी काढून. नवरा पितो. तो काउन्सेलरकडे यायला तयार नाही. एकदा एका ठिकाणी गेलो होतो सगळे, तिथल्या बाईंना मराठी येत नव्हती आणि सासूबाईंना इंग्रजी येत नाही, तर माझ्या मुलीला मध्ये बसवून तिच्याकडून भाषांतर करून घेतलं. ती बारा वर्षांची आहे. सासूबाई जे बोलल्या ते तिने सगळं सांगितलंच नाही, मला कळत होतं ना मी तिथेच होते, आणि घरी आल्यावर ती दोन दिवस गप्प होती. परत जायची हिंमत होत नाही. तुम्ही म्हणता तसं दोन्ही भाषा येणारं कोणी मिळेल पण तो येणार नसेल तर काय उपयोग.

खडूस :

मुलीला बसवलं??? काय लोक आहेत.

दोनतीरी :

सांजवात, लिहिलंत हे बरं केलंत.

मुलांना कधीही, कुठल्याही परिस्थितीत दुभाषा म्हणून बसवायचं नसतं. तिच्यावर एकाच वेळी बापाबद्दल ऐकायचं, आजीला सांभाळायचं आणि नेमकं काय सांगायचं काय गाळायचं ते ठरवायचं असं ओझं आलं. तिने गाळलं ते घराला सांभाळण्यासाठीच गाळलं. तिला एवढं सांगा की ते काम तुझं नव्हतं, मोठ्यांनी तुला द्यायला नको होतं. दोन वाक्यांत सांगा आणि विषय वाढवू नका. घरातलं मोठं माणूस दुभाषा म्हणून बसवणंही वाईटच, कारण तो स्वतः त्या भांडणातला एक पक्ष असतो. काउन्सेलरला भाषा येत नसेल तर बाहेरचा, प्रशिक्षण घेतलेला, गुप्तता पाळायला बांधलेला दुभाषा हवा. तो "मी" असंच बोलतो, "ते म्हणतायत की" असं नाही, आणि काउन्सेलरने बघायचं असतं पेशंटकडे, दुभाष्याकडे नाही.

आता मुख्य. नवरा येणार नसेल तरी तुम्ही एकट्या जाऊ शकता आणि त्याने फरक पडतो. क्राफ्ट म्हणून एक पद्धत आहे, रॉबर्ट मेयर्स यांनी बसवलेली, खास तुमच्यासारख्या घरच्यांसाठी. १९९९ च्या एका अभ्यासात दारू पिणारा माणूस उपचाराला यायचं प्रमाण क्राफ्ट शिकलेल्या कुटुंबांत ६४ टक्के होतं, सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून सुनावण्याच्या पद्धतीत ३० टक्के, आणि घरच्यांच्या अल-अनॉन पद्धतीच्या कार्यक्रमात १३ टक्के. (अल-अनॉनचा हेतूच वेगळा आहे, घरच्यांनी स्वतःला सावरणं, त्यामुळे त्याला नापास म्हणू नये.)

त्यात शिकवतात काय तर साधारण असं, की तो प्यायलेला असताना अजिबात विषय काढायचा नाही, तो न प्यालेला असतो त्या वेळा त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठी सुखाच्या करायच्या, प्यायल्यावर होणारा गोंधळ तुम्ही निस्तरायचा नाही (ऑफिसला फोन करून बरं नाही म्हणून सांगणं वगैरे), आणि तो स्वतःहून "छ्या, फार झालं काल" असं म्हणेल त्या क्षणाला जायचं ठिकाण आणि वेळ तुमच्याकडे तयार हवी. तो क्षण थोडाच वेळ टिकतो. त्याने हात उगारला असेल किंवा भीती वाटत असेल तर हे सगळं बाजूला, आधी तुमची आणि मुलीची सुरक्षितता, ते काउन्सेलरला पहिल्याच भेटीत सांगा.

सांजवात :

हात नाही उगारलेला. ऑफिसला फोन मीच करते. बघते.

निशाचर :

मला सोडून बराच काळ झाला होता आणि मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात एक घेतली, मग वाटलं आता गेलंच सगळं तर कशाला थांबा आणि पुढचे चार दिवस घेतच राहिलो. आता परत बंद आहे. काउन्सेलर बदलू का असा विचार करतोय, सध्याचा इंग्रजीतच बोलतो. आणि डिप्रेशनच्या गोळ्या पण चालू होत्या, त्या मधल्यामध्ये बंद केल्या, घ्याव्या का परत?

स्टेथो_गळ्यात :

गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्यात तशाच स्वतःच्या मनाने चालू करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना आजच फोन करा आणि ते चार दिवस लपवू नका. आणि मरणाचे, स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर धाग्यावर उत्तराची वाट बघत बसू नका, हेल्पलाईन किंवा सरळ इमर्जन्सी.

निशाचर :

तसले विचार नाहीत. करतो फोन.

दोनतीरी :

निशाचर, त्या चार दिवसांत "आता गेलंच सगळं" हा जो विचार आला ना, त्यावर अ‍ॅलन मार्लट यांनी १९८५ च्या पुस्तकात भरपूर लिहिलंय. एक पेग ही एक घटना. तिला "मी हरलो, मी असाच" असा अर्थ लावला की पुढचे चार दिवस त्या अर्थातून येतात. म्हणून कुठे, कोण, त्याआधीच्या दोन तासांत काय झालं एवढंच बघायचं, स्वतःला शिव्या घालण्यात वेळ घालवायचा नाही.

आणि एक गोष्ट करून बघा. तलफ लाटेसारखी चढते आणि तिला काही दिलं नाही तर साधारण अर्ध्या तासात ओसरते. त्या वेळेसाठी मी लोकांना एक कार्ड लिहायला लावते. पण ते कार्ड, तलफ तुमच्याशी ज्या भाषेत बोलते त्याच भाषेत लिहायचं. बरेच जण थेरपीत शिकलेली छान छान इंग्रजी वाक्यं लिहून आणतात, आणि तलफ मात्र सोबत बसणाऱ्या मित्राच्या आवाजात, मराठीत म्हणत असते "अरे एकाने काय होतंय". त्याला इंग्रजी उत्तर पोचतच नाही. त्याच मित्राच्या आवाजात, त्याच ठसक्यात उत्तर लिहा. एकाने लिहून आणलं होतं, "एकाने काय होतंय ते माहितीये मला, गप बस." बाकी कार्डावर काही नव्हतं. पुरलं त्याला.

काउन्सेलर बदलायचं म्हणाल तर नुसत्या भाषेसाठी बदलू नका. आधी त्यांना सांगून बघा की काही गोष्टी मी माझ्या भाषेत बोलू का, तुम्हाला कळलं नाही तरी चालेल, मग मी सांगेन काय बोललो ते. समजूतदार असेल तर हो म्हणेल.

गोळ्यांवरून दुसरा मुद्दा, जो पहिल्या पोस्टमध्ये राहिला. अजूनही लोकांना सांगितलं जातं की आधी दारू सोडा मग डिप्रेशन बघू, किंवा उलट. दोन्ही एकत्रच बघावं लागतं. दारू स्वतःच मूड पाडते, झोप मोडते, त्यामुळे काहींचं डिप्रेशन दोनचार आठवडे बंद राहिल्यावर आपोआप उतरतं. काहींचं उतरत नाही, ते दारूच्या आधीपासूनचं असतं आणि दारू हे त्यावरचं घरगुती औषध झालेलं असतं. कुठलं ते कळायला मी एक लांब रेघ काढते, त्यावर वरच्या बाजूला पिण्याचे काळ आणि खालच्या बाजूला मन खाली गेल्याचे काळ. मधे जिथे पिणं बंद होतं तिथे मन कसं होतं हे बघायचं.

प्रश्नावल्याही वापरतो, ऑडिट दहा प्रश्नांची दारूसाठी, पीएचक्यू-९ डिप्रेशनसाठी, मागच्या दोन आठवड्यांबद्दल. या प्रश्नावल्यांचं भाषांतर काउन्सेलरने जागेवर मनाने करायचं नसतं, तपासलेलं भाषांतर वापरायचं, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. त्यातल्या पेगचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑडिटमध्ये एक ड्रिंक म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरलंय, घरी हाताने ओतलेला एक पेग त्यातले दोन-तीन असू शकतात. म्हणून मी "किती पेग" विचारत नाही, बाटली किती दिवस पुरते ते विचारते.

अर्धविराम :

एक वेगळी बाजू. मी मुद्दाम आपल्या भाषेतला काउन्सेलर टाळला होता. आपली माणसं कमी, कोण कोणाचा मावसभाऊ निघेल सांगता येत नाही. परक्या भाषेतल्या परक्या माणसापुढे मी निर्धास्त बोललो. याला पळणं म्हणाल का?

दोनतीरी :

अजिबात नाही, ही रास्त काळजी आहे. पहिल्याच भेटीत विचारायचं की तुमच्या ओळखीचं कोणी माझ्या ओळखीचं निघालं तर तुम्ही काय करता, बाहेर कुठे भेटलो तर ओळख दाखवता का. मी आधीच सांगते की बाहेर मी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर हसेन. गुप्ततेच्या मर्यादाही आधीच सांगते : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलावर अत्याचार, अशा वेळी मला गप्प बसता येत नाही. हे दोन्ही भाषांत सांगते, कारण सही केलेला फॉर्म इंग्रजीत असतो आणि तो कोणी वाचत नाही.

बाकी २००६ मध्ये ७६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा नाही त्यांना त्यांच्या भाषेत दिलेले उपचार इंग्रजीत दिलेल्यांपेक्षा साधारण दुप्पट परिणामकारक दिसले. पण ही सरासरी झाली. तुम्हाला परकी भाषा सोयीची होती तर तीच बरोबर.

मूकवाचक :

काउन्सेलर शोधताना दोन्ही भाषा "येतात" म्हणणारे बरेच दिसतात. खरंच काम करता येतं का ते कसं ओळखायचं?

दोनतीरी :

घरी मराठी बोलणं आणि मराठीत थेरपी करणं वेगळं. आमचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं असतं त्यामुळे पॅनिक अटॅक मराठीत समजावायची वेळ आली की भल्याभल्यांची गाडी अडते. फोनवरच विचारा, व्यसनाचं खास प्रशिक्षण आहे का, कुठल्या पद्धतीने काम करता, दारू आणि डिप्रेशन दोन्ही असेल तर एकत्र बघता का, औषधं लागली तर कोणत्या डॉक्टरांशी जोडलेले आहात. आणि तुमची अडचण दोन मिनिटं तुमच्या भाषेत सांगून त्यांना म्हणा, तुम्हाला काय समजलं ते सांगा. ऐकून सल्ला सुरू केला तर दुसरा बघा. तुमचं म्हणणं नीट परत सांगितलं तर भाषा थोडी मोडकी असली तरी चालेल. पहिल्या भेटीत पूर्ण बरं करण्याची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका, तो किती भाषा बोलतो ते महत्त्वाचं नाही.

खडूस :

ते शून्य ते दहावालं आवडलं. आमच्या ग्रुपमध्ये नवीन पोरं येतात, त्यांना तिथेच सगळ्यांसमोर विचारलं तर चालतं का, का ते एकट्यालाच विचारायचं?

दोनतीरी :

मीटिंगची आपली एक पद्धत असते, तिथे मध्ये प्रश्न नको. मीटिंग संपल्यावर बाहेर उभे असता तेव्हा विचारा. आणि त्याने आकडा सांगितला की तुम्ही तुमचा अनुभव सांगायला लागू नका लगेच, त्याचं पूर्ण होऊ द्या.

खडूस :

हे अवघड आहे माझ्यासाठी. बघतो.